गाठ दिसली की झाकू नका

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस टोमॅटोची वाळकी झाडे उपटताना आमच्या हाती अशी मुळे लागली, की ती पाहून शेजारचे शेतकरीबंधू चटकन म्हणाले, "झाडाला कॅन्सर झालाय." मुळांवर रोझरीच्या मण्यांसारख्या गाठीच गाठी होत्या. त्यांनी तो शब्द झाडाविषयी किती सहज उच्चारला! त्याच बांधवांच्या घरी दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वहिनी वारल्या, तेव्हा आजाराचे नाव मात्र कोणी घेतले नव्हते. 'तो आजार', 'छातीत काहीतरी', एवढेच. स्तनातली गाठ त्या बाईंनी दीड वर्ष पदराआड ठेवली होती. घरातल्या जावेलाही ती कळली नाही. कळली तेव्हा गाठ फुटली होती.

वाचकहो, कपाशीच्या बोंडावर डाग पडला तर आपण बोंड खिशात घालून कृषी केंद्रात धावतो. स्वतःच्या गालातला चट्टा मात्र महिनोन्‌महिने जिभेने चाचपत बसतो. या गप्प बसण्याने आपल्या गावांत रोगापेक्षा जास्त नुकसान केले आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. यात निम्मी भीती आणि निम्मी शरम असते, आणि शरम येते ती गाठ म्हणजे काय हे ठाऊक नसल्यामुळे. म्हणून आज खतपाण्याचा विषय बाजूला ठेवून पेशीविषयी लिहीत आहोत.

आपला देह काय आणि भाताचे रोप काय, दोन्ही पेशींचे बनलेले. माणसाच्या शरीरात सुमारे ३० ते ३७ लाख कोटी पेशी असतात, आणि त्या सगळ्या आईच्या उदरातील एका पेशीपासून झालेल्या असतात. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, असे विभाजन होत होत हातपाय, डोळे, काळीज तयार होते. मोठे झाल्यावरही हे काम थांबत नाही. कातडी झिजते, आतड्याचे अस्तर झिजते, रक्तातल्या पेशी जुन्या होतात. एकट्या हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या रक्तपेशी तयार होतात. हे वाचेपर्यंत किती झाल्या त्याचा हिशेब मुलांना करायला सांगावा.

हे विभाजन पाहायचे असेल तर कांदा पेल्याच्या तोंडावर असा ठेवावा की बुडखा पाण्याला टेकेल. तीनचार दिवसांत पांढरी मुळे सुटतात. मुळाचे टोक रंगवून शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरले की विभागत असलेल्या पेशी दिसतात. वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने हा सारा प्रकार १८८२ साली चित्रांसह लिहून काढला. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात आईबापांकडून आलेला हुकूमनामा असतो. विभाजनाच्या वेळी तो आखडून बारीक दोऱ्यांसारखा दिसू लागतो, त्यांस गुणसूत्रे म्हणतात. कांद्यात ती १६, माणसात ४६.

आता भावाभावांतील वाटणी आठवा. जमिनीचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येकाला निम्मी जमीन मिळते. पेशीची वाटणी अशी नसते. तिथे वाटणीच्या आधी सगळा उतारा अक्षर अन् अक्षर नकलून त्याची दुसरी प्रत करतात. मग गुणसूत्रांच्या जोड्या पेशीच्या मध्यभागी ओळीने उभ्या राहतात, दोन्ही टोकांकडून चातीसारखे तंतू येऊन त्यांना पकडतात, आणि एक प्रत या बाजूस, दुसरी त्या बाजूस ओढली जाते. मध्ये बांध पडतो. दोघा भावांना पुरी पुरी इस्टेट! माणसाच्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशीला या साऱ्या चक्राला सुमारे एक दिवस लागतो. त्यात शेवटची ओढाताण तासाभराची, बाकीचा वेळ तयारीचा आणि नक्कल करण्याचा.

नक्कल करताना चूक होणारच. तलाठ्याच्या हातून होते, मग इथे तर एका माणसाच्या हुकूमनाम्यात आईकडची तीनशे कोटी आणि बापाकडची तीनशे कोटी अक्षरे असतात. पण पेशी आपली नक्कल स्वतःच तपासते, चुकलेले अक्षर खोडून बरोबर लिहिते, आणि सगळी तपासणी झाल्यावर शंभर कोटी अक्षरांमागे एखादीच चूक शिल्लक राहते. शिवाय वाटेत नाकी आहेत. नक्कल पुरी झाली का, तुटके सांधले का, सगळी गुणसूत्रे ओळीत आली का, हे पाहिल्याशिवाय पेशीला पुढे सोडत नाहीत. ही व्यवस्था उलगडल्याबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांपैकी दोघांनी ती यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वात आणि त्याच्या एका भाईबंदात शोधली. आपल्या पावाच्या भट्टीतली गोष्ट!

नाक्यावरच्या पहारेकऱ्यांत पी-५३ नावाचे एक प्रथिन फार महत्त्वाचे. १९७९ साली ते सापडले. हुकूमनामा दुरुस्त होण्यापलीकडे फाटला आहे असे दिसले की हा पहारेकरी पेशीला विभाजन करू देत नाही, वेळ पडल्यास तिला मरायला लावतो. निम्म्याच्या आसपास कर्करोगांत हा पहारेकरीच बिघडलेला आढळतो. खानापूरच्या रानातून कधी कधी उसात उतरणाऱ्या हत्तीजवळ या जनुकाच्या पुष्कळ प्रती आहेत असे २०१५ साली प्रसिद्ध झाले, आणि एवढा अवाढव्य देह असून त्याला कर्करोग कमी का होतो याचे एक कारण त्यात असावे असे शास्त्रज्ञ म्हणतात. माणसाजवळ दोनच प्रती, एक आईची, एक बापाची.

तर कर्करोग म्हणजे बाहेरून आलेले भूत नव्हे. तो आपल्याच पेशीच्या उताऱ्यात झालेल्या चुकांचा परिणाम आहे. एका चुकीने तो होत नाही. गाडीचा बैल उधळला तरी हातात कासरा असतो, कासरा तुटला तरी नाकात वेसण असते. पेशीचेही तसेच आहे. वाढीला हाक मारणारे जनुक बिघडले, आवरणारे बिघडले, पहारेकरी बिघडला, अशा अनेक चुका एकाच पेशीच्या वंशात वर्षानुवर्षे साठत गेल्या म्हणजे ती पेशी कोणाचे न ऐकता वाढू लागते. म्हणूनच बहुतेक कर्करोग उतारवयात दिसतात. पुढे त्या पेशी आपली जागा सोडून रक्तातून आणि लसिकेतून दुसरीकडे बिऱ्हाड करतात. तोवर शस्त्रक्रिया सोपी असते, त्यानंतर फार अवघड. 'लवकर दाखवा' असे डॉक्टर घोकत असतात ते यासाठी.

आता टोमॅटोच्या गाठींकडे वळू, नाहीतर शेतीचे पान शेतीवाचून जायचे. त्या गाठी कर्करोग नव्हेत. त्या सूत्रकृमींनी केलेल्या असतात. डोळ्यांना न दिसणारी ही अळी मुळाच्या टोकातून आत शिरते आणि पाचसात पेशींना असे काही फितवते की त्यांचे केंद्रक विभागत राहते, पण पेशीत बांध पडतच नाही. एकेका पेशीत डझनावारी केंद्रके होऊन ती फुगते, आणि सूत्रकृमी तिच्यातला रस पीत बसते. उपाय म्हणजे निंबोळी पेंड, उन्हाळ्यात खोल नांगरट आणि त्या जागी एक हंगाम झेंडू. वांगी, भेंडी तिथे लगेच लावू नयेत.

खऱ्या कर्करोगाच्या जवळ जाणारा वनस्पतींचा रोग म्हणजे गुलाबाच्या आणि पीचच्या बुंध्यावर येणारी जिवाणूची गाठ. हा जिवाणू आपल्या हुकूमनाम्याचा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो. मग जिवाणू मारला तरी गाठ वाढतच राहते. पण झाड सहसा तगते, कारण वनस्पतीची पेशी भिंतीत चिणलेली असते, तिला जागा सोडून फिरता येत नाही. आपल्या पेशींना फिरता येते, आणि तेच आपल्याला महागात पडते.

एवढे समजल्यावर शरमेचा भाग उरतो कुठे? आपल्या मंडळींत अजून बोलले जाते की अमक्याच्या पापाचे फळ त्याला मिळाले, तमकीला कोणी काही खायला घातले. रोग्याचे ताट वेगळे, पेला वेगळा. आम्ही हे आपल्या घरांत डोळ्यांनी पाहिले आहे आणि पाहून संताप आला आहे. ताटाने कर्करोग लागत नाही. शेजारी बसून जेवल्याने लागत नाही. नक्कल चुकली, यापलीकडे त्या बिचाऱ्याच्या अंगावर कोणताही ठपका नाही.

तीच गोष्ट डाऊनच्या मुलांची. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची एक जोडी वेळेवर सुटली नाही, तर मुलाला एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन मिळते. १९५९ साली पॅरिसच्या लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले. आईचे वय वाढते तशी ही शक्यता वाढते, पण आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे घडत नाही. सासवांनी हे वाक्य दोनदा वाचावे अशी विनंती आहे. विभाजनातली प्रत्येक अडचण शापच ठरते असेही नव्हे. आपल्या परसातल्या केळीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यांची समान वाटणी जमत नाही, म्हणून तर केळ्यात बी धरत नाही आणि आपण ते सुखाने खातो.

काही चुका मात्र आपण विकत आणतो. तंबाखूच्या पानातील द्रव्ये हुकूमनाम्याची अक्षरे बिघडवतात. सुपारीविषयी पुष्कळांचा समज आहे की ती निरुपद्रवी. तसे नाही. तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोग आणते असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जाहीर केला, त्याचा ग्रंथ २००४ सालचा आहे. सुपारीने गाल आतून चामड्यासारखे ताठ होतात आणि तोंड उघडेनासे होते. २०२० साली आपल्या देशात ओठ आणि तोंड यांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रोगी झाले असा अंदाज आहे. गुरांमागे, मळणीवर, रात्रीच्या पाण्याच्या पाळीला जागरण म्हणून गालात धरलेली गोळी त्यात किती जणांच्या असेल!

निपाणीकडचे वाचक आमच्यावर रागावतील. तंबाखू हे त्या भागाचे पीक. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी महामार्गावर बसले आणि गोळीबारात माणसे गेली, हे आम्ही विसरलेलो नाही. ज्याचे पोट त्या पिकावर आहे त्याला दोष द्यायला आम्ही बसलो नाही. दुसरे पीक तेवढाच पैसा देईल अशी हमी कोणी दिल्याशिवाय 'तंबाखू सोडा' म्हणणे सोपे आहे. पण पिकवणे वेगळे आणि दाढेखाली धरणे वेगळे. घरातल्या बायांनी मिश्रीने दात घासणे तर पिकाच्या भावाशी मुळीच जोडलेले नाही, ते उद्यापासून बंद करता येईल.

दुसरी गोष्ट जरा नाजूक, पण लिहिलीच पाहिजे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. हा विषाणू पेशीत शिरून त्याच पी-५३ पहारेकऱ्याचा नाश करतो. पतिपत्नीच्या संबंधातून तो येतो आणि इतका सर्रास आढळतो की बहुतेकांच्या शरीरात केव्हातरी येऊन आपोआप निघूनही जातो. काही जणींत तो ठाण मांडतो. यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटात ही विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा केली गेली, तिथे आठ वर्षांत या रोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे झाले. त्या बायका आपल्यासारख्याच, ज्वारी खुरपणाऱ्या. आणि मुलींसाठी तर लस आहे. पुण्यात तयार झालेली लस २०२३ पासून मिळू लागली. ९ ते १४ वयात एक किंवा दोन मात्रा पुरतात असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले. सिक्कीमने २०१८ सालीच ती शाळाशाळांतून दिली. 'आमच्या मुलीला तिची काय गरज' असे म्हणणाऱ्या आईबापांना आम्ही एवढेच विचारतो, की धनुर्वाताची सुई देताना हा प्रश्न तुम्ही विचारला होता काय?

आता औषधांविषयी. शेतकऱ्याला हे ऐकून नवल वाटेल, की विभाजन थांबवणारे विष त्याच्या माळ्यावर आधीच आहे. बियाण्याला चोळतो ते कार्बेन्डॅझिम बुरशीच्या पेशीतील ती चात बनू देत नाही, म्हणून बुरशी मरते. कांद्यात तण उगवण्याआधी फवारतो ते पेंडिमिथॅलिन तणाच्या कोवळ्या मुळात हेच करते. (तेव्हा बियाणे चोळताना हातमोजे घाला, त्याच हाताने भाकरी मोडू नका.) आणि आपल्या कबरस्तानात बारा महिने फुलणारी सदाफुली? तिच्यापासून निघणारी व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही औषधे कर्करोगाच्या पेशींची चात अडवतात. १९६० नंतरच्या काही वर्षांत ती वापरात आली आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात त्यांनी मोठे काम केले आहे. केसांच्या मुळांतील पेशीही भराभर विभागणाऱ्या, म्हणून अशा उपचारांत केस गळतात. उपचार संपल्यावर ते बहुधा परत येतात.

पण म्हणून सदाफुलीचा काढा उकळून पिऊ नका! शेकडो किलो वाळक्या पानांतून एखादा ग्राम औषध निघते. ते शिरेतून मोजून द्यावे लागते आणि जरा चुकले तर घात होतो. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन आहे, तेही चात अडवणारेच, आणि कंद खाऊन माणसे मेली आहेत. वर सांगितलेल्या बाईंना शेवटी गाठीवर लावायला आणि पोटात घ्यायला कोणा पालावैद्याने पाला दिला होता. त्यात सहा महिने गेले. त्याने पैसे घेतले नाहीत असे घरचे लोक आजही कौतुकाने सांगतात. आम्ही म्हणतो, त्याने त्या बाईंचे सहा महिने घेतले.

काय दाखवावे हे थोडक्यात लिहितो. तोंडातला साधा व्रण दोन आठवड्यांत भरतो. तीन आठवडे झाले आणि भरला नाही, किंवा पांढरा वा लाल चट्टा दिसला, तर दाखवावा. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर दाखवावे. स्तनात गाठ लागली तर ती दुखत नाही म्हणून थांबू नये, कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात, तेव्हा दाखवायला जाताना मरणाची तयारी करून जायचे कारण नाही. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, आवाज तीन आठवडे बसला, गिळताना अडले, तर घरगुती काढ्यावर दिवस काढू नयेत.

धर्मग्रामाच्या सभेपुढे आमची एक सूचना आहे. फेस्ताच्या दिवशी मांडवात जेवणाची पंगत बसण्याआधी एक दंतवैद्य आणि एक परिचारिका यांना बोलवावे, आणि तीस वर्षांवरील प्रत्येकाने पाच मिनिटे तोंड उघडून दाखवावे. साखरपुड्याच्या तबकातून सुपारी आणि तंबाखूची पुडी काढून बडीशेप ठेवावी, खर्च कमीच होईल. स्त्रियांच्या तपासणीची गाडी गावात आणता येते का ते सिस्टरांनी सरकारी दवाखान्यात विचारावे. पुरुषांनी त्या दिवशी घरी राहून गुरे पाहावीत आणि बायकांना मोकळे सोडावे.

पंगतीआधीच्या त्या रांगेत पहिले आम्ही बसणार होतो, पण तोवर थांबता येणार नाही. वीस वर्षे सुपारी चघळली आहे. हा मजकूर लिहिता लिहिता उठून आरशापुढे गेलो, तर तीन बोटे जातात, पण डाव्या गालात आत एक पांढरा चट्टा आहे. तो किती दिवसांचा आहे ते आम्हांलाच सांगता येत नाही. मंगळवारी पहिल्या बसने बेळगावला जात आहोत. कोणाला बरोबर यायचे असेल त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर भेटावे.